उतरते सूर

आज अमळनेरात सगळे त्यांना कुंदाबाई म्हणतात, पण ही गोष्ट घडली तेव्हा ती नुसती कुंदा होती. साल पंच्याण्णव असावं. मे महिना होता. धाकटा भाऊ निंबा धुळ्याच्या एका इस्पितळात बेशुद्ध पडला होता आणि कुंदा अमळनेरहून रोज सकाळच्या एसटीनं डबा घेऊन जात होती. त्या दिवशीही तशीच गेली. डब्यात आईसाठी मुगाची खिचडी, पिशवीत धुतलेली चादर.

निंबा धुळ्याला पॉलिटेक्निकमध्ये शिकत होता. देवपुरात खोली घेऊन राहायचा. त्याला टीव्ही गेमचा नाद होता, पण जिंकण्या-हरण्यापेक्षा त्याचं सगळं लक्ष त्यातल्या संगीतावर. टीव्हीपुढे टेपरेकॉर्डर ठेवून त्यानं ते सूर कॅसेटमध्ये भरून घेतले होते आणि एक दिवस ती कॅसेट घेऊन तो कॉलेजातल्या जीवराम सरांकडे गेला. जीवराम सर कॉलेजच्या गॅदरिंगची गाणी बसवणारे संगीताचे मास्तर. आधी हसले, मग ऐकतच राहिले. लग्नाच्या बँडमधले क्लॅरिनेटवाले, ट्रम्पेटवाले, व्हायोलिन शिकणारी मुलं, सेलो वाजवणारा नाशिकचा एक म्हातारा, असे वादक त्यांनी गोळा केले आणि 'व्हिडिओ गेमची सिंफनी' असं नाव देऊन चक्क कार्यक्रम जाहीर केला. निंबा हवेतच होता. दोन तिकिटं त्यानं आधीच आणून ठेवली, एक स्वतःचं आणि एक अक्काचं. अक्का म्हणजे कुंदा. दिवाळीत तिच्या हातात दुसरी जॉयस्टिक देऊन त्यानं तिलाही तो खेळ लावला होता.

आणि मग ताप आला. ताप डोक्यात गेला, असं डॉक्टर म्हणाले. निंबानं डोळे मिटले ते मिटलेच.

कुंदा डबा घेऊन गेली तो दिवस कार्यक्रमाचाच होता. दुपारी डॉक्टरांनी निंबाला तपासलं आणि कुंदाला बाहेर बोलावलं. "औषधं चालू आहेत. आता त्याच्या अंगात किती जोर आहे, त्यावर आहे सगळं," एवढंच म्हणाले.

कुंदा आत आली तर आई निंबाच्या पाठीला पावडर लावत होती. वर न बघता म्हणाली, "तू जाय त्या कार्यक्रमले."

"माय, अशा वेळेला?"

"त्यानी हौसनं तिकिटं काढेल शेतस. तठे काय काय वाजनं ते त्याले ईसन सांगजो. त्याले ऐकू येस, माले माहीत शे."

आईपुढे बोलायची सोय नव्हती. कुंदानं दोन्ही तिकिटं पर्समध्ये टाकली आणि निघाली.

नाट्यगृहात चारचा कार्यक्रम. बाहेर ऊन असं की रस्त्यावर कुत्रं दिसत नव्हतं. आत शिरलं की एकदम अंधारल्यासारखं व्हायचं. दारांना जाड काळे पडदे, कडेला घरघरणारे कूलर, वाळ्याचा ओला वास. कुंदा आपल्या खुर्चीत बसली. शेजारची खुर्ची निंबाची. तिच्यावर तिनं पर्स ठेवली, उगाच, कोणी बसू नये म्हणून.

कार्यक्रम खरोखर सुंदर झाला. टीव्हीतून किरकिरणारे ते सूर इतक्या वाद्यांतून भरून आले तेव्हा कुंदाच्या अंगावर काटा आला. रणगाड्यांचा गेम ढोलांनी गाजवला. समुद्राखालच्या गेमचं संगीत व्हायोलिनवाल्या मुलांनी असं वाजवलं की खरंच पाण्यात असल्यासारखं वाटावं. फक्त एक गोष्ट तिला सोसेना. गेममधला गडी मेला की एक छोटा सूर वाजतो, पायरी पायरीनं खाली उतरणारा. तो सरांनी एकट्या क्लॅरिनेटला दिला होता. दिवाळीत तो वाजला की दोघं खदाखदा हसायची. आता तो ऐकताना तिला पांढरी चादर दिसायला लागली.

मध्यंतरानंतर थोड्याच वेळात लाइट गेली.

कूलर घरघरत थांबले. काळाकुट्ट अंधार झाला. पण वाद्यं थांबली नाहीत. उलट जास्त मऊ, जास्त जवळ आली. धुळ्याचं पब्लिक, आणि लाइट गेल्यावर एकही शिट्टी नाही... हे कुंदाला तेव्हाच खटकायला हवं होतं. पण ती सुरांत बुडाली होती.

क्लॅरिनेट उतरलं. पुढच्या रांगेत कुठंतरी खुर्चीची फळी फट्‌कन वर गेली. कोणीतरी उठलं. पाय घासत चाललं. पुन्हा वाद्यं वाजू लागली, पुन्हा क्लॅरिनेट उतरलं, आणि उजवीकडे आणखी एक फळी वाजली. माणसं कंटाळून चालली असतील, असं कुंदाला वाटलं. मग तिच्या लक्षात आलं, की इतकी माणसं बाहेर जाताहेत, पण दार एकदाही उघडलं नाही. बाहेर अजून उन्हाळ्याचं लख्ख ऊन होतं. पडदा जरा जरी हलता तर उजेडाची पट्टी आत आली असती.

वाळ्याचा वास कधीच सरला होता. आता वेगळाच वास येत होता. स्पिरिटचा. तापानं तळमळलेल्या अंगाचा. आणि पावडरचा.

तिची पर्स कोणीतरी अलगद उचलून तिच्या मांडीवर ठेवली.

शेजारची खुर्ची करकरली. कुंदानं मान वळवली नाही. वळवताच येईना. शेजारून टक् टक् ऐकू येत होतं. खुर्चीच्या दांड्यावर दोन अंगठे चालले होते, डावा, उजवा, डावा, उजवा, जॉयस्टिकची बटणं दाबावीत तसे.

'गेला,' तिला वाटलं. 'माझा भाऊ गेला. आणि कार्यक्रम ऐकायला आला.'

क्लॅरिनेट पुन्हा उतरू लागलं. अंगठे थांबले. शेजारची फळी जराशी वर झाली. तो उठत होता.

तेव्हा कुंदानं काय केलं ते तिचं तिलाच नंतर नवल वाटलं. तिनं अंधारात हात टाकला आणि त्याचं मनगट पकडलं. मनगट तव्यासारखं तापलेलं होतं. त्या चटक्यानंच तिला हिंमत आली. मेलेल्या माणसाच्या अंगाला ताप कुठला?

"बस, निंबा," ती कुजबुजली. "अजून संपलं नाही."

"अक्का... सगळे चालले."

"चालू दे त्यांना."

"तो सूर वाजला... की जावं लागतं..."

"तुझा नाही तो. बस म्हणते ना."

मनगटाला हिसका बसला. त्यात निंबाचा जोर नव्हता, दुसऱ्याच कोणाचा तरी होता, दोरीनं ओढल्यासारखा. कुंदानं दुसरा हातही टाकला, पाय पुढच्या खुर्चीला रेटले. क्लॅरिनेट खाली, आणखी खाली गेलं, आणि थांबलं. कितीतरी वेळ काहीच वाजेना. मग पहिल्यापासून तीच धून सुरू झाली, उड्या मारत, खट्याळ. गड्याला नवा जीव मिळाला की वाजते ती.

मनगट सैल पडलं. घामानं भिजलं. थंड होऊ लागलं.

लाइट आली. शेजारची खुर्ची रिकामी होती आणि कुंदा स्वतःच्याच पर्सचा पट्टा दोन्ही हातांनी आवळून बसली होती.

ती तडक उठून बाहेर पळाली. रिक्षा केली. पांझरेचा पूल ओलांडताना तिनं डोळे मिटून घेतले. मनगट थंड पडलं होतं, तेवढंच डोक्यात फिरत होतं. थंड पडलं म्हणजे काय?

इस्पितळाच्या जिन्यावरूनच तिला आई दिसली. पदर तोंडाला लावून रडत होती. कुंदा पायरीवरच बसून रडायला लागली.

"अवं ऊठ!" आई ओरडली. "रडस काय? त्यानी डोया उघडात! पानी मांगं त्यानी! ताप उतरी गया, बठ्ठं आंग घामाघूम व्हयनं!"

मग दोघी त्या जिन्यावरच गळ्यात गळा घालून रडल्या आणि हसल्या. खालून वर जाणाऱ्या नर्सबाई म्हणाल्या, "वाट तर सोडा हो," आणि त्याही हसल्या. त्या रात्री कुंदा अमळनेरला गेलीच नाही. निंबाच्या खाटेखाली चादर टाकून झोपली, आणि कितीतरी दिवसांनी गाढ झोपली.

निंबा उठून बसायला लागल्यावर जीवराम सर पेढे घेऊन भेटायला आले. कुंदानं मनापासून सांगितलं, "सर, लाइट गेल्यावरसुद्धा तुम्ही थांबला नाहीत. कमाल केलीत."

सरांना नवलच वाटलं. "थांबलो कसे नाही? लाइट गेली तशी वाद्यं खाली ठेवली आम्ही. कागद कुठं दिसत होते? पब्लिकनं शिट्ट्या मारून छप्पर डोक्यावर घेतलं होतं. तुम्ही तिथंच होतात ना?"

"होते," कुंदा म्हणाली. अंधारातलं ती कोणालाच बोलली नव्हती, आईलाही नाही.

सर गेल्यावर निंबा उशीला टेकून पेढा खात होता. गालांवर पुन्हा रंग आला होता. खाता खाता म्हणाला, "अक्का, तू हात सोडला नाहीस म्हणून बरं. तो माणूस लई चिडला होता."

"कोण माणूस?"

"तुझ्या खांद्यावर हात ठेवून उभा होता तो. म्हणत होता, याला सोड, नाही तर याच्याऐवजी तू चल."

कुंदाच्या हातातला पेढा तसाच राहिला. "मग?"

"मग तू त्याच्याकडे बघितलंपण नाहीस. म्हणालीस, 'तू जाय, मी मांगतून येसु.' तेव्हा गेला तो."

कुंदाला असं काही बोलल्याचं आठवत नव्हतं. कोणाचा हात आठवत नव्हता. खिडकीबाहेर आई कोणाशी तरी मोठ्यानं हसून बोलत होती, निंबा जिवंत होता, ऊन पडलं होतं. तीही हसली.

"मागून म्हणजे कधी, ते नाही ना बोलले मी?"

"नाही," निंबा म्हणाला. "पण त्यानं विचारलंही नाही."