वाकलेल्या पाठीचा फोटो

साहेब, यल्लव्वाची कंबर तुम्ही मोडलीत. वयानं नाही, नशिबानं नाही... तुम्ही. रस्ता झाडणारी बाई फोटोत वाकलेली दिसली पाहिजे, ताठ उभी दिसली तर तिचं काम धरायचं नाही, असा नियम तुम्ही काढलात, तेव्हा तुमची स्वतःची पाठ खुर्चीला छान टेकलेली होती.

त्या सकाळी यल्लव्वा अंथरुणातून उठत होती. आधी कुशीवर, मग गुडघ्यावर, मग भिंत धरून... आणि तिची मुलगी प्रीती दारात उभी राहून ते बघत होती. प्रीती केशवापुरातल्या एका दवाखान्यात फिजिओथेरपी करायची. दुसऱ्यांचे खांदे, गुडघे, मणके सांभाळण्यात तिचा दिवस जायचा. तिनं दाराआडून बांबूचा दांडा ओढून काढला. महिन्यापूर्वी तिनंच तो आईच्या छातीइतका मोजून आणला होता, सायकलच्या ट्यूबनं त्याला झाडू आवळून बांधला होता, अव्वाला उभ्यानं झाडता यावं म्हणून. आता नुसता दांडा होता. झाडू सोडवून यल्लव्वाच्या पिशवीत गेला होता.

"परत सोडलास?"

"जड पडतो गं."

"बांबू जड, आणि चार तास ओणवं राहणं हलकं?"

"तुमच्या पुस्तकातलं अंग नाही बाई माझं."

"दवाखान्यात सत्तरीची माणसं माझं ऐकतात, अव्वा. कंबरेत नको, गुडघ्यात वाका, मध्येमध्ये सरळ व्हा... मुकाट ऐकतात. घरात मात्र माझ्या शिक्षणाला कवडीची किंमत नाही. उद्या मणक्याची चकती सरकली ना, मला हाक मारू नकोस."

यल्लव्वानं झाडू पिशवीत आणखी खाली दाबला. काय सांगणार होती? खरं सांगितलं तर ही पोरगी मुकादमाच्या अंगावर जाईल, भांडेल, आणि अकरा वर्षं कंत्राटात राबून जी यादी आता कुठं निघत होती, त्या कायम होणाऱ्यांच्या यादीतून यल्लव्वाचं नाव उडेल. तीस दिवस कामाचा फोटो न चुकता जायला हवा होता. आजचा तिसावा. नाव लागलं की दवाखान्याचं कार्ड मिळणार होतं, म्हणजे पाठ पार गेली तरी तिचा भार पोरीच्या संसारावर पडणार नव्हता... त्या कार्डासाठीच ती रोज ती पाठ मोडत होती, हे तिचं तिलाही कळत होतं. तिनं पिशवी उचलली आणि चप्पल घातली.

प्रीतीचं मन मात्र थाऱ्यावर राहिना. अर्ध्या तासानं ती दांडा घेऊन दाजीबानपेठेत पोचली. कापडाच्या दुकानांची शटरं अजून खाली होती. समोर आई ओणवी होती, आणि मुकादम प्रभंजन मोबाईल धरून मागं सरकत होता.

"इन्नू स्वल्प बग्ग, अक्का. अजून थोडी वाक. अर्धवट वाकलेला फोटो वरून परत येतो."

"वाकते की अण्णा. आता काय रस्त्यात शिरू?"

ती हसली आणि वाकली. मग तोंडातून नुसता "अय्यो..." निघाला आणि ती तशीच राहिली. वर येता येईना, खाली बसता येईना.

प्रीती धावली. आईला छातीशी धरून तिनं कट्ट्यावर उताणं निजवलं, पाय दुमडले, गुडघ्यांखाली पिशवी सरकवली. बोटं कामाला लागली होती, पण डोळ्यांतलं पाणी थांबत नव्हतं.

"म्हणून दांडा सोडत होतीस?"

"उभं दिसलं की काम दिसत नाही म्हणतात गं साहेबांना."

"मला का नाही सांगितलंस, अव्वा?"

"सांगितलं असतं तर तू भांडली असतीस. माझं नाव गेलं असतं."

"सकाळी मी काय काय बोलले..."

"खरंच बोललीस. तुझ्या शिक्षणाची किंमत मला नाही तर कुणाला गं?"

प्रभंजन खाली मान घालून उभा होता. "प्रीतीअक्का, माझ्या हातात काही नाही. सातच्या आत फोटो गेला नाही तर आजचा दिवस गेला. मग तीसच्या तीस गेले."

सातला सहा मिनिटं होती. प्रीतीनं आईच्या अंगातला हिरवा कोट हळूच काढला, स्वतःच्या अंगात घातला. आईचा रुमाल डोक्याला बांधला. झाडू उचलला.

"तू नको गं..." यल्लव्वाला मानसुद्धा उचलता येत नव्हती. "तू तरी वाकू नकोस, प्रीते."

"गप पड. पाठ टेकलेली ठेव."

आणि ती वाकली. गुडघे ताठ, कंबरेतून, ज्या तऱ्हेनं वाकू नका म्हणून ती रोज हात जोडून सांगते, अगदी त्या तऱ्हेनं. वाकलेल्या बाईचं तोंड फोटोत येत नाही. प्रभंजननं या वेळी "अजून वाक" म्हटलं नाही. त्याची गरजच पडली नाही.

फोटो तुमच्याकडे पोचला, साहेब. मंजूरही झाला. नाव यादीत लागलं. यल्लव्वा अजून अंथरुणावर आहे, उशाशी बसून प्रीती रोज तिचे पाय एक एक करून उचलते, आणि तो दांडा दाराआड सरळ उभा आहे. आता तुमचा मोबाईल उघडा. तिसाव्या दिवसाचा फोटो काढा, मोठा करून नीट बघा, आणि सांगा, त्यातली पाठ कुणाची आहे?