चेरेश्नाचं उघडं दार

दार होतं. घर नव्हतं.

बोग्ना धुक्यात उभी राहून त्या दाराकडे बघत राहिली. गवतातून वर आलेली लाकडी चौकट, बंद फळी, गंजलेली कडी, झिजलेला उंबरा... आणि मागे नुसतं पांढरं धुकं. ना भिंत, ना छप्पर.

चूक खरं तर तिचीच. 'फुकट ते पौष्टिक' हा बाईसाहेबांचा बाणा! क्राकोवमधल्या मैत्रिणी दुकानातून नकाशे विकत आणायच्या तेव्हा ही खुशाल हसायची. मागुरा राष्ट्रीय उद्यानाचा फुकट नकाशा, त्यावर हौशी लोकांनी इंटरनेटवर मिळून काढलेला दुसरा, आणि तळाला कुठल्याशा ग्रंथालयानं खुला केलेला शंभर वर्षांपूर्वीचा लष्करी नकाशा... असे तीन एकावर एक चढवून तिनं फोनमध्ये सहलीची वाट आखली होती. निघताना तळचा जुना नकाशा काढून टाकायला तेवढी विसरली. त्यामुळे पडद्यावर चेरेश्ना गाव कसं गजबजलेलं दिसत होतं! घरं, गिरणी, चर्च, खाणावळ. खाणावळीत गरमागरम सूप प्यायचं, असा बेत होता.

भीती वाटू नये म्हणून तिनं थट्टेनं कडी वाजवली. "कुणी आहे का घरात?"

"उघडंच आहे. आत या."

आवाज दाराच्या मागून आला. पुरुषाचा, अगदी मऊ. बोग्नाच्या अंगावर सर्रकन काटा आला. तेवढ्यात डाव्या हाताच्या धुक्यातून एक तरुण पुढे आला. हातात पाण्याची बादली, केसांवर दवाचे थेंब, आणि डोळे... जाऊ दे, डोळ्यांत तिनं नंतर पाहिलं.

"मग, जाताय ना आत?" त्यानं विचारलं.

"आत म्हणजे कुठे? घर कुठाय?"

"हे काय! तुम्ही आमच्या ओसरीवर उभ्या आहात."

"बरं बाई. मग वळसा घालून येते—"

"अंहं! वळसा घालून चोर येतात. पाहुणे दारातून."

तिनं दार ढकललं. ते कण्हल्यासारखं करकरलं. पलीकडे गुडघाभर ओलं गवत, आणि तो मात्र घर दाखवत सुटला. "इथे चूल. इथे पाळणा. डोकं सांभाळा, तुळई खाली आहे—"

आणि बोग्ना चक्क वाकली!

तो खो खो हसला. तीही हसली, पण जरा उशिरानं. त्यानं पत्र्याच्या पेल्यात विहिरीचं पाणी दिलं. बोटांना बोटं लागली. त्याची बोटं बर्फासारखी गार होती.

"मी बोग्ना. नकाशा वाचता न येणारी. यात तर इथे खाणावळ दिसतेय!"

"मी ओरेस्त. नकाशा येतो की तुम्हाला! फक्त पोचायला उशीर झाला."

गावाच्या टोकाला दगडी क्रॉस होता. तिथवर तो बोलत बोलत आला, आणि थबकला.

"पुढे नाही येणार?"

"नाही... मी इथवरच."

ती चार पावलं गेली, वळली. क्रॉस होता. तो नव्हता.

खालच्या गावात बसची वाट बघताना तिनं दुकानातल्या मावशींना सहज विचारलं, "वर चेरेश्नात ओरेस्त राहतो ना?"

मावशींचा पाव कापणारा हात थांबला. "वर कोण राहणार गं पोरी? सत्तेचाळीस साली सैनिकांनी अख्खं गाव गाड्यांत भरून पार पश्चिमेला नेऊन टाकलं. आणि ओरेस्त तर त्याच्याही आधी गेला. चॅपलशेजारच्या थडग्यावर नाव आहे बिचाऱ्याचं. ऐन तरुण होता."

बोग्नाला बसमध्ये थंडी वाजत राहिली.

क्राकोवला आल्यावर तिचं कशात लक्ष लागेना. रोज तो हौशी लोकांचा नकाशा उघडायची. आणि रोज त्या रिकाम्या खोऱ्यात काहीतरी नवं उगवलेलं असायचं. एक विहीर. एक चूल. एके दिवशी पाळणा.

"ओरेस्तच करतोय हे!" ती मैत्रिणीला, मार्सेलिनाला म्हणाली.

"आणि भुताला नेटवर्क मिळतं वाटतं? मला मेलीला घरात मिळत नाही!"

त्या नकाशावर कुणीही टाचणी लावून शंका विचारू शकतं. बोग्नानं दाराच्या जागी टाचणी लावली आणि लिहिलं, 'इथला माणूस जिवंत आहे का?'

उत्तर आलं, 'स्वतः येऊन बघा. दारातून या.'

ती रात्रभर तळमळली. जिवंत असेल तर... आणि नसेल तर? नसला तरी आपण जाणार, हे तिला कळून चुकलं होतं, आणि त्याचीच तिला जास्त भीती वाटली.

चेरेश्नात धुकं तसंच होतं. दारही. तो उंबऱ्यावर बसला होता. बोग्नानं जाऊन आधी त्याचं मनगट पकडलं.

"हे काय?"

"गप्प बस. नाडी बघतेय."

"आहे?"

"आहे... भलतीच धावतेय."

"तू हात धरल्यावर धावणारच की!"

तिचे डोळे भरून आले. "जिवंत असलास तरच सांगायचं ठरवलं होतं. आवडतोस तू मला. मूर्खा, मग त्या चॅपलपाशी तुझं नाव कसं?"

"आजोबांच्या भावाचं आहे ते. आमच्या घरच्यांना तेव्हा लेग्नित्साला नेऊन टाकलं, इथं हे दारच तेवढं उरलं. मी तिथून येतो सुट्टीत, पलीकडच्या खिंडीतून. कुणाचं घर कुठे होतं, ते नकाशात भरतो. ज्याचं काही राहून जातं ना, त्याचं नाव आमच्या घरात पुढच्या पोराला देतात. म्हणजे राहिलेलं पुरं होतं."

"त्याचं काय राहिलं होतं?"

ओरेस्तनं नजर चुकवली. "...नवरी घरात आणायची."

बोग्नाचे कान लाल झाले. ते लपवायला ती भांडणावर आली. "आणि क्रॉसच्या पुढे का नाही आलास?"

"लाजलो. तू बसमध्ये चढणार, आणि मी हात हलवत उभा..."

"भित्रा! आणि दारामागून 'आत या' म्हणून मला घाबरवताना नाही लाजलास?"

ओरेस्तचं हसू मावळलं. "मी? बोग्ना, मी विहिरीवर होतो. तो आवाज मीही ऐकला. मला वाटलं, तुझ्यासोबत कुणी आहे."

दोघांनी दाराकडे पाहिलं. पलीकडे धुकं हलत होतं. बोग्नाला पळत सुटावंसं वाटलं. तिनं ओरेस्तचा हात घट्ट धरला.

"चल," ती हळूच म्हणाली. "थोरल्या ओरेस्तनं एकदा बोलावलंय. दुसऱ्यांदा बोलवायला लावू नये."

तिनं दार ढकललं. दोघं उंबरा ओलांडून आत गेली, आणि तुळईखाली दोघांनीही डोकं वाकवलं.