थ्रॉम्बोसिसमधला एच

बाजाराच्या दिवशी धाड गावच्या स्टँडवर एक जीप मागे आली, आणि तिला वाट देताना जीवन जो मागे सरकला तो थेट ओल्या पाटीला टेकला. ‘येथे बकऱ्या बांधू नये’ ही अख्खी ओळ त्याच्या पांढऱ्या शर्टावर उलटी उमटली.

“हलू नका,” मागून आवाज आला. “अजून पसरन.”

हातात ब्रश घेतलेली मुलगी उभी होती. धम्मशीला. वडिलांच्या गुडघ्यांनी दगा दिल्यापासून पाट्या रंगवायचं दुकान तीच चालवत होती.

“माहा शर्ट गेला ना,” जीवन म्हणाला.

“अन् माही पाटी गेली, त्याचं काय?”

“काय लिव्हलं होतं?”

“बकऱ्या बांधू नये म्हून.”

“मंग बरं झालं… आता मले कोनी बांधत नाई.”

ती हसली. हसायचं नव्हतं, पण हसली. आणि पुढचं सगळं त्या हसण्यामुळे झालं.

जीवन देऊळघाटचा. बुलडाण्याला लॅब टेक्निशियनचा कोर्स करत होता. पुढच्याच रविवारी तो कार्डशीटची गुंडाळी घेऊन दुकानात हजर. कॉलेजात प्रदर्शन आहे म्हणे, रक्तपेशींचा चार्ट लिहून हवा. त्याच्या पुढच्या रविवारी दुसरा चार्ट. मग तिसरा. तो स्टुलावर बसून एकेका शब्दाचा अर्थ सांगायचा, ती अक्षरं काढायची. ‘तुमी’चं ‘तू’ कधी झालं, दोघांनाही कळलं नाही. रविवारी सकाळी धम्मशीला दोनदा वेणी घालू लागली, तेव्हा मात्र तिच्या आईला कळलं.

त्याचं अक्षर तेवढं भयंकर होतं.

“हे अक्षर हाय का कोंबडीनं उकिरडा उकरला?” एकदा ती म्हणाली. “स्पेलिंग चुकलं तर माह्यावर येईन. कोनाकडून नीट लिहून आनत जा.”

त्यानं ऐकलं. आठव्या रविवारी तो नीट लिहिलेला कागद घेऊन आला, आणि तिथंच घोटाळा झाला.

इतरांना अक्षर म्हणजे अक्षर. धम्मशीलाला तो चेहरा वाटायचा. कागदावरची अक्षरं निळ्या शाईची, गोलसर, एका उंचीची. आणि प्रत्येक ‘आय’वर टिंबाऐवजी इवलासा गोल. ते गोल पाहिले आणि तिच्या छातीत काहीतरी टोचलं. असले गोल मुलगीच काढते. आणि तेही सावकाश, मन लावून.

“कोनाचं अक्षर हाय?” तिनं ब्रश झटकत विचारलं.

“अनुपमाचं. माह्या बॅचमधी हाय. लई हुशार पोरगी. सारे स्पेलिंग तोंडपाठ.”

“असं…”

“अन् सोभावानं बी चांगली हाय.”

“मी विचारलं का?”

जीवन चुचकारल्यासारखा म्हणाला, “नीट लिव्ह हं. बुधवारी या चार्टवर प्रॅक्टिकलचे मार्क हायेत. मांगच्या वर्षी मी तिथंच नापास झालो. या खेपेला बी गेलो तर फी भरनारा मामा म्हनते, कोर्स सोड अन् घरी बस.”

तिनं वरचा शब्द वाचला. टी, एच, आर, ओ, एम, बी… “थ्रॉम्बोसिस. म्हंजे काय?”

“रक्त गोठनं. पन पाह्य, बोट कापलं, रक्त गोठलं, खपली धरली, तर ते कामाचं. त्याले वेगळा शब्द हाय, कोॲग्युलेशन. थ्रॉम्बोसिस म्हंजे नसेच्या आतमधीच गुठळी होते. वाहतं रक्त अडते. बाहेरून मानसाले काही दिसतबी नाई.”

“बाहेरून काहीच नाई?”

“काहीच नाई. मानूस चांगला हसते, बोलते.”

धम्मशीला हसली, बोलली, चहासुद्धा पाजला तिनं. आणि आत तो निळा गोल जिथं टोचला होता तिथंच बसून राहिला. बुलडाण्यात ही पोरगी रोज याच्या शेजारी बसते. मला मिळतो एक रविवार, तिला बाकीचे सगळे वार! स्पेलिंग तोंडपाठ आहेत काय? बघू या.

तिनं टी काढला. देखणा, ठसठशीत. आणि त्याच्यापुढे एच न काढता सरळ आर काढला. शाई वाळली, गुंडाळी झाली, दोरा बांधला. तो हात हलवत बसमध्ये चढला.

सोमवारभर तिला गार गार वाटलं. मंगळवारी पुढचं दिसायला लागलं. सर सगळ्यांसमोर विचारतील, जीवन मान खाली घालेल, मामा म्हणेल घरी बस. अनुपमाचं काय जाणार होतं? काहीच नाही. करायला गेले काय आणि झालं काय, असं म्हणायचीही सोय नव्हती. तिनं जे करायचं तेच केलं होतं.

बुधवारी सकाळच्या एसटीनं ती बुलडाण्याला निघाली. पिशवीत काळी शाई आणि बारीक ब्रश.

पण प्रदर्शनाच्या हॉलमध्ये पोचली तेव्हा सर तपासून गेलेही होते. चार्टपाशी एक चष्मेवाली मुलगी उभी होती. तिनं धम्मशीलाच्या हातातला ब्रश पाहिला.

“एचवाली तूच का?”

धम्मशीलाला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

“सरनं विचारलं, याच्यातला एच कुठं गेला,” अनुपमा सांगू लागली. “हा म्हने, सर, माह्या हातून राह्यला. मी म्हनून राह्यली, माह्या कागदात तर होता, तर यानं माह्या पायावर पाय देल्ला. अन् एक सांग, याले आठ चार्ट कोनी सांगतले होते? आमाले एकच लागते.”

“एकच?”

“एकच. बाकीचे सात होस्टेलच्या कपाटावर पडून हायेत.”

तेवढ्यात जीवन आला. तिला पाहून दारातच थबकला. अनुपमा दोघांकडे आळीपाळीनं बघून निघून गेली.

“पास झाला का?” धम्मशीलानं विचारलं.

“झालो. दोन मार्क कटले.”

“तो एच राह्यला नाई, जीवन. मी गाळला. मुद्दाम… ते अक्षर पाहून माह्या अंगाची आग होऊन राह्यली होती.”

“मालूम हाय.”

“कवापासून?”

“रविवारीच. बसमधी गुंडाळी उघडून पाह्यली.”

“मंग सुधारला काऊन नाई?”

त्याचे कान लाल झाले होते.

“तुह्या हातून कधी टिंब सुटत नाई. एवढा मोठा एच सुटला, तर म्हटलं… हिच्या पोटात दुखून राह्यलं. माह्यासाठी कोनाच्या पोटात दुखन, असं वाटलं नव्हतं. ते मिटवायचं जिवावर आलं.”

तिला रडू आलं आणि त्याचा रागही आला. ती चार्टकडे वळली.

“अक्षर मात्र चांगलं हाय तिचं,” ती पुटपुटली. ते टोचणं अजून पुरतं गेलं नव्हतं.

“हाय,” तो म्हणाला, आणि तिनं डोळे वटारताच घाईनं पुढचं बोलला, “पन आता चार्ट संपले ना. पुढच्या रविवारी काय काम काढून येऊ?”

धम्मशीलानं ब्रश पिशवीत ठेवला.

“बिनकामाचा ये,” ती म्हणाली.