मऊ जागा

त्या दिवशी मी दुकानात गेलो होतो, ते फक्त नळ्या आणायला. सरबत प्यायच्या कागदी नळ्या. माझी बायको राइली हिला तोंड फार उघडता येत नव्हतं, म्हणून निळ्या बेरींचं सार ती नळीने पीत होती. आदल्या आठवड्यात ओउलू शहरातल्या एका खासगी दवाखान्यात तिच्या मानेची शस्त्रक्रिया झाली होती. दुखणं काही नव्हतं. हनुवटीखालची कातडी लोंबत होती, ती ओढून घट्ट केली आणि उरलेली कापून टाकली.

मी जन्मभर लाकडाच्या गिरणीत काम केलं. मला यातलं काही कळत नाही. पण राइली स्वतःसाठी कधी काही मागत नसे. हे मागितलं, म्हणून मी हो म्हटलं. मला वाटलं, तिची बहीण तेर्त्तू फोनवर तिला, त्या गळा लोंबणाऱ्या पक्ष्यावरून, ‘म्हातारी टर्की’ म्हणून चिडवायची, तेच मनाला लागलं असेल.

घरी सोडताना नर्सबाईंनी दोघांना समोर बसवून नीट सांगितलं होतं.

“टाके कानामागे आहेत आणि हनुवटीखाली. सूज येईल. निळं पडेल, मग तो निळेपणा छातीवर उतरेल, पिवळा होईल. घाबरायचं नाही. गळा कुणी आवळून धरलाय असं वाटेल. हनुवटीखाली काही महिने बधिर राहील, हात लावला तरी कळणार नाही. झोपताना उशा उंच. मान वळवायची नाही, सगळं अंग वळवायचं. आणि सौना बंद.”

“सौना बंद?” मी म्हणालो. “मग वाफेत बसल्याशिवाय बरं कसं व्हायचं माणसानं?”

नर्सबाई हसल्या. “तुम्ही जा की आजोबा, तुम्हाला कोण अडवतंय! आणि राइलीबाई, मुख्य म्हणजे खाली वाकायचं नाही. कशासाठीही.”

“मूल घ्यायलाही नाही?” राइलीनं विचारलं.

“घरात नातवंडं आहेत का?”

“नाहीत,” राइली म्हणाली आणि कोटाची बटणं लावू लागली.

तर, मी नळ्या घेऊन परत आलो तेव्हा दुपार होती. आमच्याकडे, इतक्या उत्तरेला, डिसेंबरातली दुपार म्हणजे नावालाच. सूर्य वर येतच नाही धड, बर्फावर नुसता निळसर अंधार पडून राहतो. स्वयंपाकघरातला दिवा लागलेला होता. राइली खिडकीशी उभी होती, डोक्याभोवती आणि गळ्याभोवती दवाखान्यातला घट्ट पट्टा बांधलेला. माझी चाहूल लागली तशी सगळ्या अंगानं वळली, लाकडी बाहुली वळावी तशी.

“दार लाव,” ती हळूच म्हणाली.

“लावलंय.”

“ऐकतोयस?”

मी टोपी काढली. आधी काहीच ऐकू आलं नाही. मग खिडकीखालून आवाज आला. कर्र... कर्र... स्प्रिंगा करकरतात तसा. कुणी बाबागाडी झुलवावी तसा.

“वारा आहे,” मी म्हणालो.

“आज वारा नाही, ओइवा.”

खरंच नव्हता. शेजारच्या धुराड्यातला धूर सरळ उभा वर जात होता.

आम्हाला एक मुलगी होती. विर्पी. दोन वर्षांची झाली आणि तापानं गेली. एका रात्रीत. कुणाच्या हातात काही नव्हतं. आमच्याकडे लेकरं दुपारी बाहेर, थंडीतच झोपतात. गाडीत लोकरी पांघरुणात गुंडाळून खिडकीखाली ठेवायचं, घरातल्यापेक्षा गाढ झोप लागते. विर्पीची मात्र एक खोड होती. राइली तेव्हा अंगानं भरलेली होती, हनुवटीखाली मऊ घडी होती. ती घडी मुठीत धरल्याशिवाय पोर डोळे मिटायची नाही. “मऊ,” म्हणायची. “मऊ दे.” मग राइली गाडीवर वाकून उभी राहायची, हिवाळ्यातसुद्धा, मूठ सुटेपर्यंत. मी तिला चिडवायचो, “गाय खाली झुकली, वासरू लागलं!”

ती गाडी आम्ही कधीच देऊन टाकली होती.

राइली खुर्चीवर बसली. ओठ फारसे न हलवता बोलू लागली.

“ती रोज यायची. इतकी वर्षं. मी इथं बटाटे सोलत असले की हनुवटीखाली हात यायचा. गार. थोडा वेळ धरायची, मग सुटायचा. झोपायची ती.”

“मला कधी बोलली नाहीस...”

“तुला काय बोलणार? तिचं नाव काढलं की तू उठून लाकडं फोडायला जायचास. ढीगच्या ढीग फोडलेस. जळता जळले नाहीत.”

खरं होतं ते.

“मी थकले, ओइवा. वाटलं, मी आता म्हातारी झाले. माझ्यामुळेच अडकलीय पोर. धरायला काही उरलंच नाही, तर जाईल आपल्या वाटेनं...”

“मग?”

“गेली नाही. येते. शोधत असेल. मला कळतही नाही, सगळं बधिर आहे. पण आता रडते. आधी कधी रडत नव्हती रे.”

तेव्हा मलाही ऐकू आलं. स्प्रिंगांच्या करकरीखाली, अगदी बारीक, झोपेनं पेंगलेलं. “मऊ... मऊ...”

राइली उठली. “मी जाते. वाकते तिच्याजवळ.”

“टाके उसवतील.”

“उसवू देत!”

मी तिचे खांदे धरले. तिला पुन्हा खुर्चीत बसवलं. “माझ्याकडे बघ,” मी म्हणालो. “माझी मान बघ. बोकडासारखी लोंबतेय.”

ती बघत राहिली. डोळ्यांतलं पाणी पट्ट्यात जिरत होतं.

“खुंट टोचतील तिला,” ती म्हणाली.

म्हणून मी आधी दाढी केली. गरम पाण्यानं, सावकाश, हनुवटीखाली दोनदा वस्तरा फिरवून. मग गळपट्टा न गुंडाळताच बाहेर गेलो.

खिडकीखालचा बर्फ कोरा होता. पाऊल नाही, चाकाची रेघ नाही. पण दुधाचा वास येत होता. दूध आणि ओली लोकर. ज्या जागी गाडी उभी असायची, तिथं मी वाकलो, हात गुडघ्यांवर टेकून.

“विर्पी,” मी म्हणालो. “बाबा आहे गं...”

करकर थांबली. मग गालाला काहीतरी लागलं. बर्फाचा कण लागावा एवढंच. ते कानाकडे गेलं, परत आलं, हनुवटीवर चाचपडलं... आणि खालची कातडी मुठीत धरली. लहानशी मूठ. मी श्वास रोखला. भीती वाटली, नाही कशी म्हणू? पण त्याहून जास्त वाटलं, की हे इतकी वर्षं इथं होतं आणि मी मागच्या अंगणात लाकडं फोडत होतो.

करकर पुन्हा सुरू झाली. सावकाश. आणखी सावकाश. मग थांबली.

मी कंबर भरून येईपर्यंत तसाच वाकून राहिलो. सरळ झालो तेव्हा मूठ सुटल्यासारखं काही जाणवलं नाही. हनुवटीखाली नुसतं गार पडलं होतं. थंडी असेल, म्हटलं.

त्यानंतर मी रोज दुपारी दाढी करून बाहेर जातो. राइली खिडकीतून बघते. पोरीचं रडणं थांबलं.

तिचा पट्टा निघाला, सूज उतरली. मान सुंदर झाली, तरुण पोरीसारखी. तेर्त्तू फोनवर ओरडली, “अगं, आता दुसरा नवरा शोध!” राइलीनं फोन बंद करून पालथा ठेवला. आरशात ती बघत नाही. टाके काढले त्या दिवशी तिनं डॉक्टरांना विचारलं होतं, “कापलेलं कुठं जातं हो?” डॉक्टर म्हणाले, “जाळतात.” घराजवळ आल्यावर म्हणाली, “निदान मागून घ्यायला हवं होतं.”

काल कॉफी पिताना तिनं माझ्याकडे बघितलं आणि कप खाली ठेवला.

“रक्त आलंय. शर्टाची कॉलर बघ. दाढी करताना कापलं वाटतं.”

“मला कळलं नाही.” मी गळ्याखाली बोट लावलं. काही लागलं नाही. बोट कुठं टेकलंय तेच समजेना. तिथं बधिर होतं. माझी मान तर कुणी कापलेली नाही.

राइली ओलं फडकं घेऊन जवळ आली. तिनं हनुवटीखाली हात घातला आणि थबकली.

“काय झालं?”

“हलू नकोस...” ती कुजबुजली. “तिनं सोडलेलंच नाहीये. झोपलीय. हात तिथंच आहे.”

ती बोटांनी हळूहळू चाचपत होती. तिचा चेहरा बदलला. इतक्या वर्षांत तो चेहरा मी पाहिला नव्हता.

“वस्तऱ्यानं नाही कापलं,” ती म्हणाली. “बाई गं, नखं किती वाढलीत तुझी...”

तिनं खणातून छोटी कात्री आणली, बशी मांडीवर घेतली आणि माझ्या अगदी जवळ बसली. मी छताकडे बघत राहिलो. मला काहीच जाणवत नव्हतं. फक्त ऐकू येत होतं. कट्... थोडं थांबून... कट्...

आज सकाळी बशी ओट्यावर आहे. मी ती अजून विसळलेली नाही.