डब्यातली बांगडी

दर गुरुवारी दुपारी लास्मिनी अंगणात विहिरीच्या कट्ट्यावर बांगड्या धुवायला बसते. रिठे ठेचून कोमट पाण्यात टाकायचे, फेस आला की मऊ ब्रशने नक्षीतला मळ काढायचा, मातीच्या झारीच्या बारीक धारेखाली बांगडी धरायची आणि धुऊन विरलेल्या बाटिकच्या तुकड्याने टिपायची. पुसायची नाही, टिपायची. आमच्या कोटागेडेत घरोघरी चांदीचे काम चालते, गल्लीत दिवसभर हातोड्यांची टकटक असते. लास्मिनीला हे सगळे तिच्या पहिल्या नवऱ्याने शिकवले.

कुंचोरो कारागीर होता. मी शाळेच्या ग्रंथालयात होतो. तो गेल्यावर बऱ्याच वर्षांनी, दोघांचेही केस पिकल्यावर, आमचे लग्न झाले. त्याच्याविषयी बोलताना ती ‘मास’ म्हणते, इथल्या बायका नवऱ्याला मायेने म्हणतात तसे. मला मानाने ‘पाक’ म्हणते. शाळेतली मुलेही मला पाकच म्हणायची. यात तक्रारीसारखे काही नाही, असे मी स्वतःला पुष्कळदा सांगितले आहे.

तिच्या उजव्या हातात त्याने घडवलेली बांगडी होती, डाव्या हातात मी आणलेली. माझी वजनाला जास्त होती.

सुरुवातीला एकदा मी झारी धरायला गेलो. धार जाड झाली आणि तिची लुंगी भिजली.

“राहू द्या, पाक. तुम्ही आपलं वाचत बसा,” ती हसत म्हणाली. “मास ओतायचे ना, तेव्हा माझे दोन्ही हात मोकळे असायचे.”

तेव्हापासून ती एका हाताने झारी धरते आणि दुसऱ्याने धुते. मी ओसरीवर वाचत बसतो.

माझी बांगडी काळी पडू लागली. गुरुवारी लखलखीत केलेली, रविवारपर्यंत शिशासारखी. मी पुस्तकात शोधले. कांदा, अंडी, घाम, दमट हवा. रोज अंगावर वागवलेली चांदी उजळ राहते, असेही तिथे लिहिले होते. पण कांदा तर तिचे दोन्ही हात मिळूनच चिरत होते.

मी तिला बांगड्यांचे हात बदलायला सांगितले. काळी पडली ती माझीच.

“तुमच्यावर गेलीय,” ती म्हणाली. “जरा काही झालं की तोंड पाडून बसते.”

जिथून घेतली होती त्या दुकानदाराने ती कसाला लावून पाहिली. “चांदी अस्सल आहे, पाक. बाईंच्या अंगाला मानवत नसेल.” त्याच्याकडची दोन गिऱ्हाइके हसली. मीही हसलो.

त्या संध्याकाळी मी लास्मिनीला म्हणालो, “काही दिवस त्यांची काढून ठेवशील?”

“त्यानं काय होईल?”

“काही नाही. नुसतं बघू.”

तिने हाताला साबण लावून ती उतरवली आणि माझ्या तळहातावर ठेवली. “कापडात गुंडाळा हं. नाहीतर रुसते.”

मी ती वर्तमानपत्रात गुंडाळली. त्या कागदाने चांदी काळवंडते, हेही मी वाचले होते. वर दोरा बांधला, पुडी पत्र्याच्या डब्यात घातली, डबा पुस्तकांच्या कपाटात ठेवला आणि किल्ली खिशात टाकली. मला एकदाच तिला दाखवायचे होते, की त्याचीही काळी पडते.

गुरुवार येत राहिले. आता धुवायला एकच बांगडी होती, पण तिला पूर्वीइतकाच वेळ लागे. कट्ट्यावर बाटिकचे तुकडे ती दोन पसरायची.

“दोन कशाला?” मी विचारले.

“सवय,” ती म्हणाली.

पावसाळा सरत आला तेव्हा, ती बाजारात गेली असताना, मी डबा काढला. दोऱ्याची गाठ माझीच होती, मला ती नीट बांधता येत नाही. कागद कोरडा होता.

बांगडी चकाकत होती. नक्षीच्या खोबणीत रिठ्याचा फेस होता. मी पाहत असताना त्यातला एक बुडबुडा फुटला.

माझी नजर आता चांगली नाही. मी पुडी पुन्हा बांधली आणि कपाटाला कुलूप लावले.

पुढच्या गुरुवारी मी ओसरीवर बसलो होतो. लास्मिनी माझ्याकडे पाठ करून बांगडी घासत होती. पुस्तक उघडे होते, पण मी वाचत नव्हतो.

“मास, जरा पाणी,” ती म्हणाली.

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. चुकून निघाले असेल, तरी अंगणात माझ्याशिवाय कोणी नव्हते. मी पुस्तक मिटले आणि अनवाणीच पायरी उतरलो. या वेळी धार बारीक ठेवायची, एवढेच मनात होते.

तोवर धार लागली होती. बारीक, जराही न हलणारी.

लास्मिनीचे दोन्ही हात त्या धारेखाली होते.