सवतीचा आवाज

हे कुणालाही सांगायचं नाही, असं आईनं मला बजावलं होतं. तरी लिहितेय.

माझी आई रिम्मा मॉस्कोच्या मेट्रोत कामाला होती. सरकत्या जिन्याच्या पायथ्याशी काचेच्या खोपट्यात बसून पळणाऱ्यांना दटावायचं, एवढंच काम. बाबा त्याच मार्गावर गाडी चालवायचे. आमच्याकडे शहरात येणाऱ्या गाडीत स्टेशनांची नावं पुरुष सांगतो आणि शहराबाहेर जाणाऱ्या गाडीत बाई. त्या मार्गावरची बाई होती नोना, बाबांची पहिली बायको. नोना न्यूमोनियानं गेली, पण ध्वनिफितीवरचा तिचा आवाज मागे राहिला. मऊ, थोडा घोगरा. "सावधान, दारं बंद होत आहेत..."

बाबा गाडी शहराबाहेर नेताना शीळ घालतात आणि परत आणताना मुके असतात, हे आईनं लग्नानंतर लगेचच ओळखलं.

शेजाऱ्यांबरोबरच्या सामायिक स्वयंपाकघरात शेजारची फ्रोस्याकाकू बीट किसता किसता म्हणायची, "रिम्मा, तुझी सवत बघ गं, मेली तरी रोज नवऱ्याबरोबर फिरायला जाते!" सगळ्या हसायच्या. आईही हसायची, आणि आतून जळायची. मेलेल्या बाईशी भांडणार तरी कसं?

पुढे नव्या आवाजाच्या फिती आल्या. टाकून द्यायच्या जुन्या फितींतली एक बाबांनी घरी आणून हिवाळी बुटात लपवली. ती आईला सापडली. स्वयंपाकघरात कुणी नाही असं पाहून तिनं ती गॅसवर धरली. फीत आक्रसली, काळी पडली. आधी आंबट वास, मग केस जळल्यासारखा... आईला त्या दिवशी फार हलकं वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती घरी निघाली. शहरात येणारी गाडी, म्हणजे पुरुषाचा आवाज. पण डब्यात नोना बोलली. "सावधान, दारं बंद होत आहेत..."

समोरच्या म्हातारीनं पिशवी छातीशी ओढली.

"काय गं बाई, इथे नोकरी लागली का तुला?"

तेव्हा आईला कळलं, आपलेच ओठ हलताहेत.

घरी तिनं तोंड मिटून सूप वाढलं. बाबांनी घाईनं चमचा उचलला, तशी ती न राहवून बोलली, "जपून... गरम आहे."

चमचा तिथेच थांबला. लग्नापासून ज्या नजरेची ती वाट पाहत होती, ती नजर आज तिच्यावर खिळली.

"पुन्हा बोल ना," बाबा म्हणाले. "एकदाच..."

मी त्यानंतरच्या वर्षी झाले. आईचं बोलणं मात्र मी कधी ऐकलेलं नाही. ती माझ्या कानाशी फक्त कुजबुजते, कारण कुजबुजीला आवाज नसतो. बाबा रोज संध्याकाळी तिच्यासमोर हनुवटीला हात लावून बसतात, वाट बघत.

आत्ता बाबा कामावर आहेत. आई माझ्या शेजारी बसून गणवेशाला पांढरी कॉलर शिवतेय. तिला वाटतंय, मी गृहपाठ करतेय. आणि स्वयंपाकघरातून कुणीतरी माझं नाव घेऊन हाक मारतंय, मऊ, थोडी घोगरी... आईची सुई थांबलीये. पुन्हा हाक आली. आई माझं मनगट घट्ट धरून मानेनंच नको नको म्हणतेय, पण माझ्या तोंडून "आले हं, आई" असं निघूनही गेलंय.