परवानगीशिवाय एक तमाले

तो समोरच्या खुर्चीवर येऊन बसला, माझ्या डब्यात हात घातला आणि सरळ तमाले उचलला. ओळख ना पाळख! मक्याचं पान सोललं, घास घेतला... आणि माझ्या तोंडाकडे टक लावून पाहत राहिला.

"हे काय चाललंय?"

"खातोय."

"ते दिसतंय. कुणाच्या डब्यातलं?"

"तुझ्या. मस्त झालाय — तिखट जरा कमी आहे."

तिखट कमी! नाताळच्या आधी आई आणि मावश्या दिवसभर राबतात, तेव्हा कुठे मक्याच्या पिठात सारण भरून वाफवलेले ते तमाले होतात. मी त्याला असं झापलं की कॅन्टीनमधली शेजारची टेबलं गप्प झाली. तो हसला नाही, चिडला नाही. फक्त त्याचे कान लाल झाले. ते कान मला आवडले, आणि आवडले म्हणून आणखीच राग आला.

दुसऱ्या दिवशी स्वारी स्वतःचा डबा घेऊन हजर. चिकट भात आणि त्याच्या आईच्या हातचा मिरचीचा ठेचा. "नुकसानभरपाई," म्हणाला. नाव फेंग. माझ्यासारखाच गावातल्या कम्युनिटी कॉलेजात मानसशास्त्र शिकणारा. मी सकाळच्या वर्गात, तो दुपारच्या.

मग ते रोजचंच झालं. हिवाळ्यात आमच्या व्हॅलीत धुकं इतकं दाट, की पार्किंगमध्ये स्वतःची गाडी सापडू नये. बसथांब्यापर्यंत तो माझा हात धरून चालायचा.

"हरवशील म्हणून," तो म्हणायचा.

"मी जन्मलेय या धुक्यात!" मी फणकारायचे. पण हात सोडवून घ्यायचे नाही...

एकदा त्याच धुक्याने बसला उशीर केला आणि माझा वर्ग बुडाला. दोन्ही वर्गांना शिकवणाऱ्या आव्हिला मॅडम म्हणाल्या, "दुपारच्या वर्गात मागे बस, इत्झेल." मी मागच्या दाराने शिरले तर पुढे फेंग उभा, आपला प्रयोग सांगत होता.

"समाजाचा एक नियम मोडायचा आणि समोरच्याचा चेहरा वाचायचा. मी एका अनोळखी मुलीच्या डब्यातलं खाल्लं. संताप — दहापैकी दहा!"

वर्ग खो खो हसला. माझ्या अंगाची लाही लाही झाली. म्हणजे ती नजर, तो ठेचा, धुक्यातला तो हात — सगळा गृहपाठ? आणि मी मूर्ख रोज आरशासमोर केस विंचरत होते!

"नंतर तिला खरं सांगितलंस ना?" मॅडमनी विचारलं. प्रयोग संपला की ज्याच्यावर केला त्याला सगळं सांगून मोकळं करायचं, हा आमच्याकडे अगदी सुरुवातीचा धडा.

"नाही, मॅडम."

"का?"

"सांगितलं असतं तर ती उठून गेली असती." त्याचे कान लाल झाले. "प्रयोग त्याच दिवशी संपला होता. पुढच्या डब्यांचे मार्क नकोत मला."

कुणीतरी शिट्टी मारली. मी मात्र विरघळले नाही.

"ती दहापैकी दहावाली मीच!" मी उभी राहिले. "सगळ्या वर्गाला सांगितलंस, मलाच तेवढं सांगायचं राहिलं?"

"इत्झेल... तू इथे?"

"फेंग," मॅडम करड्या आवाजात म्हणाल्या, "पिशवी घे, बाहेर जा, आणि जे तेव्हाच करायला हवं होतंस ते आत्ता कर."

बाहेर व्हरांड्यात मी हाताची घडी घातली. "बोल. नियम पाठ आहेत ना?"

"तो प्रयोग होता. मी तुला फसवलं. चुकलं माझं. तुला काही विचारायचं असेल तर..."

"ठेचा प्रयोगात होता?"

"नाही."

"हात?"

"नाही. तो... तू आवडतेस म्हणून. आणि शेवटचा नियम. तुला यातून कधीही बाहेर पडता येईल. कारणसुद्धा द्यावं लागणार नाही."

एवढं बोलून तो खाली मान घालून उभा राहिला. मी त्याच्या पाठीवरची पिशवी ओढली, डबा काढला आणि न विचारता भाताचा मोठा घास ठेच्यात बुडवून तोंडात घातला. डोळ्यांत पाणी आलं तरी नजर त्याच्या तोंडावरच ठेवली.

"काय दिसतंय?" त्याने हळूच विचारलं.

"तुझा संताप शून्य. माझा अजून दहा. तो उतरेपर्यंत रोज डबा आणायचा."

"किती दिवस लागतील?"

"का? घाई आहे?"

"छे," तो म्हणाला, "अजिबात नाही."